ध्वनिपट्टी आणि कँटाटा : प्रोकोफिएव्ह यांच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' संगीताची दोन रूपे

प्रस्तावना

चित्रपटासाठी रचलेले संगीत चित्रपटगृहाबाहेर पडून सभागृहात स्वतंत्रपणे वाजू लागते, तेव्हा ते तेच संगीत राहते काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ संगीतज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो साहित्य, इतिहास, चित्रपट-अभ्यास आणि अभिलेखशास्त्र अशा अनेक ज्ञानशाखांना स्पर्श करतो. एखाद्या कलाकृतीची अनेक रूपे उपलब्ध असताना 'मूळ' कशास म्हणावे, हा त्याचा गाभा आहे. मराठीच्या अध्यापकांना हा प्रश्न पाठचिकित्सेच्या रूपाने परिचित आहे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा अनेक प्रतींमधून एक विश्वसनीय पाठ सिद्ध करणे हा त्यांचा हेतू होता. चित्रपटसंगीताच्या बाबतीत मात्र ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. कारण येथे लेखनिकांच्या हातून पाठ बिघडलेला नसतो, तर स्वतः रचनाकारानेच माध्यम बदललेले असते.

सर्गेई प्रोकोफिएव्ह (१८९१-१९५३) यांनी सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' (१९३८) या चित्रपटासाठी रचलेले संगीत आणि त्यातूनच त्यांनी १९३९ मध्ये सिद्ध केलेली 'कँटाटा' यांचा तुलनात्मक विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कँटाटा ही जगभरच्या वाद्यवृंदांच्या नित्य कार्यक्रमांत स्थिरावलेली आहे. चित्रपटाची ध्वनिपट्टी मात्र सदोष ध्वनिमुद्रणाचे उदाहरण म्हणूनच बहुधा उल्लेखिली जाते. त्यामुळे ध्वनिपट्टी म्हणजे कँटाटेचे कच्चे, बिघडलेले प्रारूप, असा समज रूढ झाला आहे. हा समज टिकणारा नाही आणि तो केवळ सैद्धान्तिकही राहिलेला नाही. त्याच्या आधारे मूळ ध्वनिपट्टी काढून तिच्या जागी नवे ध्वनिमुद्रण बसविण्यापर्यंत प्रत्यक्ष व्यवहार झालेला आहे.

संज्ञांविषयी

पाश्चात्त्य अभिजात संगीतात 'सूट' म्हणजे एका मोठ्या कृतीतून, नृत्यनाट्य, नाटक वा चित्रपट यांतून, निवडलेल्या भागांची सभागृहात वाजविण्याजोगी मालिका. 'कँटाटा' ही गायनप्रधान रचना असते. तीत वृंदगान, एकल गायन आणि वाद्यवृंद यांचा समावेश असतो. नेव्हस्कीच्या संगीताचे रूपांतर करताना प्रोकोफिएव्ह यांनी सूटऐवजी कँटाटा निवडली, ही निवड अर्थपूर्ण आहे. तिचा विचार पुढे येईल. 'ध्वनिपट्टी' हा शब्द येथे चित्रफितीच्या कडेला प्रकाशाच्या साह्याने मुद्रित केलेल्या संपूर्ण ध्वनीसाठी, म्हणजे संवाद, संगीत व इतर नाद या तिहींसाठी मिळून वापरला आहे.

या प्रकारच्या स्थित्यंतराचे एक उदाहरण मराठी रसिकाच्या अनुभवातही आहे. संगीत नाटकातील पद मैफलीत गाइले जाते तेव्हा पात्र, प्रसंग आणि रंगमंचावरचा श्रोता ही तिन्ही गळून पडतात. त्यांची जागा रागविस्तार घेतो. तेच पद जुन्या, सुमारे तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत तिसरेच रूप धारण करते. या तिन्हींपैकी कोणते खरे, हा वाद मराठी रसिकांनी फारसा घातला नाही. चित्रपटसंगीताच्या अभ्यासात मात्र तो टाळता येत नाही, कारण तेथे एका रूपाने दुसऱ्याला अक्षरशः पुसून टाकण्याची शक्यता असते.

पूर्वपीठिका : 'लेफ्टनंट किजे'

नेव्हस्की हा प्रोकोफिएव्ह यांचा चित्रपटसंगीताचा पहिला अनुभव नव्हे. १९३४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'लेफ्टनंट किजे' या चित्रपटास त्यांनी संगीत दिले होते. झार पहिला पॉल याच्या काळातील ही उपहासकथा. कारकुनाच्या लेखनदोषातून एक अस्तित्वात नसलेला अधिकारी जन्मास येतो, कागदोपत्री त्याची पदोन्नती होते, त्याचा विवाह होतो आणि अखेर त्याचा इतमामाने अंत्यविधीही होतो. (कार्यालयीन टिप्पणीच्या सामर्थ्याचा अनुभव असलेल्या महाविद्यालयीन वाचकास ही कथा फारशी अतिरंजित वाटू नये.) चित्रपटातील संगीत लहान लहान तुकड्यांच्या स्वरूपाचे होते. त्याच वर्षी त्यातून पाच भागांची, सुमारे वीस मिनिटांची सूट सिद्ध करताना चित्रपटाच्या मूळ संगीतापेक्षा अधिक श्रम पडले, अशी नोंद प्रोकोफिएव्ह यांनी स्वतः केली आहे. हे श्रम कशाचे होते? पडद्यावरील घटनेला चिकटून असलेल्या तुकड्यांना स्वतःचा आरंभ, विकास व शेवट नसतो. तो प्रसंगाने पुरविलेला असतो. प्रसंग काढून घेतल्यावर ही उणीव संगीतानेच भरून काढावी लागते. सूटच्या शेवटच्या, अंत्यविधीच्या भागात आधीच्या भागांतील स्वरावली एकमेकींत गुंफल्या आहेत. न जन्मलेल्या माणसाचे अवघे आयुष्य तेथे केवळ सांगीतिक स्मृतीच्या रूपाने परत येते. ही गुंफण सभागृहाच्या गरजेतून निर्माण झाली.

मायक्रोफोन : एक वाद्य

१९३८ च्या आरंभी प्रोकोफिएव्ह यांनी अमेरिकेचा दौरा केला. त्या वेळी हॉलीवूडमधील ध्वनिमुद्रणाच्या पद्धती त्यांनी आस्थेने पाहिल्या. मायदेशी परतल्यावर आयझेनस्टाइन यांच्याकडून नेव्हस्कीचे काम आले, तेव्हा या निरीक्षणांचा उपयोग करण्याची संधी त्यांना लाभली. ध्वनिमुद्रणाच्या कामी बोरिस व्होल्स्की यांचे त्यांना साह्य होते.

वाद्यनियोजन शिकविताना सर्वसाधारणपणे असे गृहीत धरले जाते की, ट्रॉम्बोन हे बलवान वाद्य आहे आणि बसून हे दुर्बल. म्हणून दोहोंचा मेळ घालताना दुर्बल वाद्य झाकले जाणार नाही याची काळजी रचनाकाराने घ्यावी. मायक्रोफोनने हा नियम उलटा केला. बसून मायक्रोफोनजवळ आणि ट्रॉम्बोन वीस मीटर दूर ठेवला, तर ऐकणाऱ्यास विशाल बसून आणि त्याच्या मागे पुसटसा ट्रॉम्बोन असे दृश्य कानाने 'दिसते'. याला प्रोकोफिएव्ह यांनी उलटे वाद्यनियोजन असे म्हटले आहे. सभागृहात ही गोष्ट साधत नाही. कारण तेथे श्रोत्याचे आसन बदलत नाही आणि वाद्येही आपल्या जागी बसलेली असतात.

याहून महत्त्वाचा प्रयोग विरूपणाचा होता. तुतारीच्या जातीचे पितळी वाद्य थेट मायक्रोफोनच्या तोंडाशी वाजविले असता ध्वनी फाटतो, त्यात एक अप्रिय खरखर येते. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हा दोष होय. प्रोकोफिएव्ह यांनी त्यात नाट्य पाहिले. रशियन माणसाच्या कानाला ट्यूटॉनिक सरदारांच्या रणशिंगांचा नाद जसा वाटला असेल, तसा तो प्रेक्षकालाही वाटावा, यासाठी हा 'दोष' त्यांनी हेतुतः योजला. याच दृष्टीतून त्यांनी सरदारांच्या लॅटिन स्तोत्राचीही रचना केली. तेराव्या शतकातील खऱ्या कॅथलिक स्तोत्रांचा त्यांनी प्रथम विचार केला. परंतु ती स्तोत्रे आजच्या श्रोत्याला इतकी दूरची वाटतात की, त्यांतून धोक्याची जाणीव निर्माण होणार नाही, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणून ऐतिहासिक सत्यापेक्षा आजच्या कानाला जाणवणारे सत्य त्यांनी पसंत केले. तोच न्याय फाटलेल्या शिंगालाही लागू होतो.

वाद्यांच्या या आखणीत एक प्रसंग उल्लेखनीय आहे. रशियन विदूषक-वादकांची रणांगणावरची शिंगे आणि पुंग्या कशा वाजाव्यात, हे आयझेनस्टाइन यांना शब्दांत सांगता येईना. त्यांनी तशी वाद्ये रंगसाहित्य म्हणून बनवून घेतली, ती वाजविणाऱ्या माणसांचे मूक चित्रण केले आणि ते प्रोकोफिएव्ह यांना दाखविले. त्यावरून त्यांनी नेमके हवे ते संगीत रचून दिले. अन्य वेळी क्रम उलटा असे. संगीत आधी तयार होई आणि त्याच्या मापाने दृश्याचे संकलन होई. चित्रणाचा भाग रात्री पाहून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचे संगीत हजर करण्याचे प्रोकोफिएव्ह यांचे सामर्थ्य आयझेनस्टाइन यांनी कौतुकाने वर्णिले आहे. अशा देवघेवीतून झालेल्या संगीतात 'आधी संगीत की आधी चित्र' हा प्रश्न प्रसंगाप्रसंगाला वेगळे उत्तर देतो.

सदोष ध्वनिपट्टी

इतका विचार करून योजलेला हा ध्वनी प्रत्यक्ष चित्रपटात फार हलाखीच्या अवस्थेत ऐकू येतो, हे मान्य केले पाहिजे. वृंदगानाचे शब्द एकमेकांत मिसळतात, तंतुवाद्ये पातळ भासतात, मोठ्या आवाजाच्या जागी ध्वनी दाटतो. तत्कालीन अमेरिकी चित्रपटांशी तुलना करता ही उणीव ठळकपणे जाणवते. याची कारणमीमांसा म्हणून एक कथा वारंवार सांगितली जाते. ध्वनिपट्टी तात्पुरती होती, परंतु स्टालिन यांनी चित्रपट पाहून पसंत केल्यामुळे पुढे तीत बदल करण्याचे धैर्य कोणास झाले नाही, असा तिचा आशय आहे. ही कथा खरी असो वा नंतर रचलेली, तिचा परिणाम मात्र स्पष्ट आहे. ध्वनिपट्टी हा एक अपघात ठरतो आणि अपघाताची दुरुस्ती करण्यास कोणाचीच हरकत उरत नाही.

येथेच खरी अडचण आहे. या ध्वनिपट्टीत दोन प्रकारची खरखर एकत्र नांदते. एक यंत्राच्या मर्यादेतून आलेली आणि दुसरी रचनाकाराने मागितलेली. पहिली काढावी आणि दुसरी ठेवावी, हे तत्त्वतः सोपे वाटते. परंतु एकाच प्रकाशरेषेवर दोन्ही उमटलेल्या असताना त्यांना वेगळे करणारी सीमारेषा कोठे ओढावी, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. जीर्ण हस्तलिखितातील शाईचा डाग आणि लेखकाने हेतुतः खोडलेला शब्द यांत फरक करण्यासारखे हे आहे. फरक इतकाच की, येथे डाग आणि खोड एकाच शाईचे आहेत.

चित्रपटातून कँटाटेकडे

चित्रपट १९३८ च्या अखेरीस प्रदर्शित झाला. कँटाटेचा प्रथम प्रयोग १७ मे १९३९ रोजी मॉस्को येथे स्वतः प्रोकोफिएव्ह यांच्या संचालनाखाली झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्ट १९३९ मध्ये, सोव्हिएत संघ व नाझी जर्मनी यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला आणि जर्मन आक्रमकांच्या पराभवाची कथा सांगणारा हा चित्रपट सोव्हिएत चित्रपटगृहांतून मागे घेण्यात आला. जून १९४१ मध्ये जर्मनीने आक्रमण केल्यावर तो पुन्हा दाखविला जाऊ लागला.

सुमारे चाळीस मिनिटांच्या या कँटाटेत सात भाग आहेत : मंगोल सत्तेखालील रशिया, अलेक्झांडर नेव्हस्कीचे गीत, प्स्कोव्हमधील धर्मयोद्धे, रशियन जनतेस आवाहन, बर्फावरील युद्ध, मृतांचे रणक्षेत्र, आणि अलेक्झांडरचा प्स्कोव्ह-प्रवेश. क्रम चित्रपटाचाच आहे. गीतांचे शब्द कवी व्लादिमीर लुगोव्स्कोय आणि प्रोकोफिएव्ह यांचे. वाद्यवृंद विस्तृत असून त्यात टेनर सॅक्सोफोन व आघातवाद्यांचा मोठा ताफा आहे. वरवर पाहता ही केवळ निवड आणि जोडणी वाटते. प्रत्यक्षात वाद्यनियोजन नव्याने करावे लागले. कारण मायक्रोफोनसाठी लिहिलेला समतोल सभागृहात कोलमडतो.

सर्वांत मोठा बदल मात्र वाद्यनियोजनाचा नाही. चित्रपटात निकोलाय चेर्कासोव्ह यांचा अलेक्झांडर अनेक प्रसंगांत पडद्यावर असतो, बोलतो, आज्ञा देतो. अखेरीस आक्रमकांना इशारा देणारे भाषणही त्याच्याच तोंडी आहे. कँटाटेत अलेक्झांडरला आवाजच नाही. त्याच्याविषयी गाइले जाते, तो गात नाही. संपूर्ण रचनेत एकच एकल कंठ आहे. तो सहाव्या भागातील मेझो-सोप्रानोचा, म्हणजे मध्यम पट्टीतील स्त्री-आवाजाचा. रणक्षेत्रात पडलेल्या वीरांमध्ये फिरणाऱ्या तरुणीचे हे शोकगीत आहे. चित्रपटात हे गीत चालू असताना मशाल घेऊन फिरणारी ओल्गा दिसते, तिच्याशी विवाह करू इच्छिणारे दोन जखमी योद्धे दिसतात, आणि पुढे या त्रिकोणाची उकल काहीशा विनोदी सुरात होते. त्यामुळे गीताचा शोक कथानकाच्या एका धाग्याला बांधला जातो. कँटाटेत ओल्गा नाही, तिचे वर नाहीत, विनोदही नाही. उरते ती नाव नसलेल्या एका स्त्रीची वेदना. आधीच्या सगळ्या सामुदायिक घोषानंतर ती एकटी ऐकू येते, म्हणून श्रोत्याच्या मनात कृतीचे केंद्रच सरकते. चित्रपट सेनानायकाचा आहे. कँटाटा जनसमूहाची आणि त्या स्त्रीची आहे. सूटऐवजी कँटाटा निवडल्याचा लाभ येथे दिसतो. केवळ वाद्यांच्या सूटमध्ये हे गीत एक सुंदर स्वरावली म्हणून उरले असते.

चौथ्या भागातील आवाहनगीताची स्थिती याच्या उलट आहे. चित्रपटात सैन्याची जमवाजमव होत असताना हे गीत खंडित स्वरूपात, दृश्यांच्या व संवादांच्या मधून येते. माणसे जमिनीतून उगवल्यासारखी वर येतात आणि गीत त्यांच्यासह वाढते. कँटाटेत ते सलग, सुघटित आणि लहान आहे. ते अधिक जोरकस वाटते हे खरे. परंतु जमाव हळूहळू जमण्याची प्रक्रिया नाहीशी होते. श्रोत्यासमोर येतो तो आधीच जमलेला जमाव.

बर्फावरील युद्ध

५ एप्रिल १२४२ रोजी पाइपस सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर झालेले युद्ध हा चित्रपटाचा मध्यवर्ती प्रसंग होय. त्याचे चित्रण भर उन्हाळ्यात मॉस्कोजवळ कृत्रिम बर्फावर झाले. कँटाटेचा पाचवा भाग या युद्धाचा असून तोच सर्वांत दीर्घ आहे.

दोन्ही रूपांतील भेद येथे सर्वाधिक स्पष्ट होतो. चित्रपटात शत्रुसैन्याची चाल संगीताने बांधली आहे. क्षितिजावरची पांढरी रेषा जवळ येते, घोड्यांच्या टापांचा ताल एकसारखा वाढत जातो, त्यावर लॅटिन स्तोत्र चढते. आणि प्रत्यक्ष दोन्ही सैन्ये भिडतात तेव्हा संगीत थांबते. पुढे दीर्घ काळ केवळ शस्त्रांचा खणखणाट आणि आरोळ्या ऐकू येतात. हा संगीताचा अभाव ही संगीतयोजनाच होय. इतका वेळ ताणलेला ताल एकाएकी काढून घेतल्यामुळे प्रेक्षक विनाआधार रणात फेकला जातो. नंतर विदूषक-वादकांच्या वाद्यांसह संगीत परत येते, तेव्हा युद्धाचा कल फिरू लागल्याची जाणीव त्यातूनच होते.

सभागृहात अशी पोकळी ठेवता येत नाही. वाद्यवृंदाने काही मिनिटे हात बांधून बसावे आणि श्रोत्यांनी युद्धाची कल्पना करावी, हे शक्य नाही. म्हणून कँटाटेत चकमक अखंड संगीतात मांडली आहे. चित्रपटात शस्त्रांच्या नादाने केलेले काम येथे आघातवाद्ये आणि परस्परांवर आदळणाऱ्या स्वरावली करतात. फाटलेल्या शिंगाची जागा कर्कश स्वरसंगती व तोंडे बंद केलेली पितळी वाद्ये घेतात. म्हणजे जो कठोरपणा चित्रपटात यंत्राने निर्माण केला होता, तो कँटाटेत स्वरांमध्ये लिहावा लागला. पहिल्यात कुरूपता ध्वनीच्या पोतात आहे, दुसऱ्यात ती स्वररचनेत आहे. ही गोष्ट ध्यानात घेतली की, एकाला दुसऱ्याचे बिघडलेले रूप म्हणणे कठीण होते.

या भागाचा आरंभ मात्र दोहोंत जवळजवळ सारखा आहे आणि तरीही परिणाम भिन्न आहे. थंड, गोठलेली पहाट, सैन्य थांबलेले, सर्वांचे डोळे क्षितिजाकडे. याच प्रतीक्षेच्या दृश्यातील बारा चित्रचौकटी आणि संगीताची सतरा मापे शेजारी मांडून आयझेनस्टाइन यांनी एक प्रसिद्ध आकृती तयार केली. 'द फिल्म सेन्स' (१९४२) या ग्रंथात ती समाविष्ट आहे. चित्रातील रेषांची वळणे आणि स्वरावलीचे चढउतार यांत एकच गती आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हान्स आयस्लर आणि थिओडोर आडोर्नो यांनी १९४७ मध्ये प्रकाशित झालेल्या चित्रपटसंगीतविषयक ग्रंथात त्यावर मार्मिक आक्षेप घेतला. आकृतीतील साम्य हे चित्र आणि संगीत यांतील नसून चित्र आणि कागदावरची स्वरलिपी यांतील आहे. स्वर कागदावर वर चढलेले दिसतात म्हणून कान काही डोंगर चढत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. आक्षेप बऱ्याच अंशी योग्य आहे. तथापि कँटाटा ऐकताना आयझेनस्टाइन यांची बाजूही थोडी सावरते. तेच स्वर चित्राविना ऐकले की, त्यांत हिवाळ्याचा निसर्ग जाणवतो. परंतु कोणाची तरी वाट पाहिली जात आहे, ही भावना क्षीण होते. ती भावना केवळ स्वरांत नव्हती आणि केवळ चित्रातही नव्हती. आकृती चुकीची असेल. आकृतीने जे पकडू पाहिले ते खोटे नव्हते.

रचनाकार हयात नसताना

कँटाटा स्वतः प्रोकोफिएव्ह यांनी घडविली, हे तिचे भाग्य. आयझेनस्टाइन यांच्यासमवेतच्या त्यांच्या पुढील कामाच्या, 'इव्हान द टेरिबल' या चित्रपटाच्या संगीताच्या बाबतीत तसे झाले नाही. त्या संगीताची सभागृहासाठी स्वतंत्र रचना त्यांनी केली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६० च्या दशकाच्या आरंभी, चित्रपटाच्या वेळी संगीतसंचालन केलेले अब्राम स्तासेविच यांनी निवेदकासह एक ओरेटोरिओ, म्हणजे कथनात्मक दीर्घ गायनरचना, सिद्ध केली. स्तासेविच यांचा मूळ कामाशी निकटचा संबंध होता आणि त्यांची निष्ठा वादातीत आहे. तरीही चित्रपटातून निघून गेलेली कथा त्यांना निवेदकाच्या बोलण्यातून परत आणावी लागली. किजेच्या अंत्यविधीत किंवा नेव्हस्कीच्या शोकगीतात ही उणीव संगीतानेच भरली होती. रचनाकार आणि संपादक यांतील हे अंतर आहे.

बदललेली ध्वनिपट्टी

१९८७ मध्ये लॉस अँजेलिस येथे आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली एक नवा प्रकार सादर झाला. चित्रपट पडद्यावर दाखवावा, त्यातील संगीत बंद करावे आणि ते समोर बसलेल्या वाद्यवृंदाने प्रत्यक्ष वाजवावे, असे त्याचे स्वरूप होते. यासाठी विल्यम ब्रोन यांनी कँटाटेतील वाद्यनियोजनाचा आधार घेऊन संगीत चित्रपटाच्या मापात बसविले. प्रयोग अत्यंत लोकप्रिय झाला. पुढे १९९० च्या दशकात सेंट पीटर्सबर्ग फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने युरी तेमिर्कानोव्ह यांच्या संचालनाखाली हे संगीत नव्याने ध्वनिमुद्रित केले आणि ते चित्रपटाला जोडून घरोघरी पाहण्यासाठी उपलब्ध झाले.

या उपक्रमाने नव्या पिढीला एक महत्त्वाचा चित्रपट दिला, हे निःसंशय. कर्कश ध्वनीमुळे ज्यांनी तो अर्ध्यावर सोडला असता, त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. अध्यापनाच्या दृष्टीने याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु वाद्यनियोजनासाठी जी कृती आधार म्हणून घेतली गेली, ती चित्रपटापासून दूर जाण्यासाठी रचलेली होती, हे विसरले गेले. सभागृहातील श्रोत्याला चित्राविना पुरेसे वाटावे म्हणून जे भरघोसपण संगीतात आणले, ते आता चित्रावर येऊन बसले. चित्र जे दाखवीत आहे तेच संगीत पुन्हा सांगू लागले. आणि मायक्रोफोनच्या तोंडाशी फाटणारे ते शिंग नाहीसे झाले; त्याच्या जागी उत्तम वादकाने स्वच्छ वाजविलेला कर्कश स्वर आला. स्वच्छ कर्कशपणा ही विरोधी संकल्पना नव्हे. पण प्रोकोफिएव्ह यांनी १९३८ मध्ये मागितले होते ते हे नव्हते.

फ्रांक श्ट्रोबेल यांनी २००३ मध्ये बर्लिन येथे सादर केलेल्या पुनर्रचनेने वेगळा मार्ग धरला. कँटाटेकडून मागे न येता चित्रपटासाठी लिहिलेल्या मूळ संगीतसंहितेवर त्यांनी भर दिला. त्यामुळे कँटाटेत न आलेले लहान तुकडे आणि मूळ वाद्यनियोजन पुन्हा ऐकू येऊ लागले. आज अभ्यासकासमोर त्यामुळे तीन साधने आहेत : १९३८ ची ध्वनिपट्टी, चित्रपटाची संगीतसंहिता आणि १९३९ ची कँटाटा. यांपैकी संहिता ही निर्विवाद मूळ प्रत समजावी, असा मोह होतो. परंतु स्वरलिपीत वाद्याचे नाव असते, स्वर असतो, त्याची लांबी असते. वादक मायक्रोफोनपासून किती अंतरावर उभा होता, हे स्वरलिपीच्या पाच रेषांत बसत नाही. ते अंतर नोंदले गेले ते फक्त त्या जीर्ण, खरखरणाऱ्या ध्वनिपट्टीवर. चित्रपट-अभ्यासाच्या वर्गात नव्या ध्वनीसह चित्रपट दाखविला जातो तेव्हा निदान धर्मयोद्ध्यांच्या चालीचा भाग जुन्या ध्वनिपट्टीसह पुन्हा एकदा दाखविणे त्यासाठीच आवश्यक ठरते. तो भाग दहा-बारा मिनिटांचाच आहे.